शिरोरेषेखालची दाटी : एका ठळक, अरुंद मथळा-टंकाचा हिशोब

काम नेहमीचंच आहे. ए-३ आकाराचं उभं पोस्टर आणि त्यावर दोन ओळींचा मथळा :

शर्यतीच्या दुसऱ्या
टप्प्यात मार्ग बदलला

मजकूर बदलायचा नाही, तिसरी ओळ करायची नाही आणि मथळा दहा-बारा पावलांवरून वाचता आला पाहिजे. वर स्पर्धेचं नाव रोमन मोठ्या अक्षरांत आहे, इम्पॅक्टच्या जातीच्या जाड, अरुंद, विनासेरिफ (रेषांच्या टोकांना आडवे काप नसलेल्या) टंकात, म्हणजे फाँटात. त्याच्या शेजारी शोभेल असा देवनागरी टंक हवा आहे. तो काढताना कोणती मापं कशी ठरतात, कुठली अक्षरं अडतात आणि फाँट तयार झाल्यावर वापरात काय बिघडतं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. सगळी मापं १००० एककांच्या चौकटीतली, म्हणजे १०० पॉइंटच्या अक्षरात १० एककं म्हणजे एक पॉइंट.

आधी जागा पाहू. पोस्टरची रुंदी २९७ मिमी. दोन्ही बाजूंना १५ मिमी समास सोडला की २६७ मिमी, म्हणजे साधारण ७५७ पॉइंट उरतात. खाली ठरवलेल्या मापांनी दुसरी, लांब ओळ ५४४६ एककांची होते. म्हणजे अक्षर १३९ पॉइंटचं बसतं आणि शिरोरेषेच्या माथ्यापासून पायारेषेपर्यंतची, म्हणजे अक्षरं टेकतात त्या रेषेपर्यंतची, उंची ३२ मिमी मिळते. साधारण रुंदीचा ठळक टंक दीडपट जागा घेतो असं धरलं, तर तोच मजकूर ९३ पॉइंटवर येतो आणि उंची २१-२२ मिमीवर घसरते. अरुंद टंक का घ्यायचा, याचं उत्तर या दहा मिलिमीटरांत आहे. कागदाची रुंदी ठरलेली असते. अक्षर अरुंद केलं की ते उंच करता येतं.

आडवं दाबलं की काय होतं

पहिला मोह हाताशी असलेला ठळक टंक आडवा दाबण्याचा. समजा, त्याचा उभा दंड १५० एककं जाड आहे आणि शिरोरेषा १२०. रुंदी दोन तृतीयांश केली की दंड १०० होतो, शिरोरेषा मात्र १२०च राहते. उभ्या रेषा आटतात, आडव्या आटत नाहीत. मथळा मग जाड दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा दिसतो. गोल अनुस्वाराचं उभं अंडं होतं आणि तिरप्या रेषा मध्येच जाड-बारीक होतात. रोमनमध्येही हे घडतं, पण तिथे आडवी रेषा मोजक्या अक्षरांत असते. देवनागरीत ती प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर असल्याने चूक ओळभर दिसते. म्हणून अरुंद टंक दाबून तयार होत नाही, मुळापासून काढावाच लागतो.

रोमनमध्ये ही जात कशी घडली

पोस्टरसाठी उंच, अरुंद, काळी अक्षरं एकोणिसाव्या शतकात लाकडी खिळ्यांनी (छपाईच्या सुट्या अक्षरठशांनी) रुळवली. विसाव्या शतकात तीच कल्पना पुन्हा पुन्हा नव्या रूपात आली. मॉरिस फुलर बेंटन यांचा ऑल्टरनेट गॉथिक १९०३चा, फ्रेड लॅम्बर्ट यांचा कॉम्पॅक्टा १९६३चा. जेफ्री ली यांचा इम्पॅक्ट शेफील्डच्या स्टिफन्सन ब्लेक या ओतशाळेने १९६५ मध्ये आणला. पुढे तो विंडोजबरोबर घरोघर पोचला आणि इंटरनेटवरच्या विनोदी चित्रांवर, पांढऱ्या अक्षराला काळी किनार अशा रूपात, चिकटून बसला.

या सगळ्यांची युक्ती एकच. अक्षराच्या आतली पोकळी आणि दोन अक्षरांमधली फट जवळपास सारखी ठेवायची आणि दोन्ही दंडाच्या निम्म्यावर आणायच्या. आपल्या रोमन जोडीदारात ‘एच’ची एकूण रुंदी ४४० आहे : दोन दंड १५०-१५०, मधली पोकळी ७६, दोन्ही बाजूंना ३२-३२. म्हणजे पोकळी ७६ आणि शेजारच्या अक्षरापर्यंतची फट ६४. डोळ्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सलग ठेका दिसतो. बहुतेक मोठ्या अक्षरांना दोनच उभ्या रेषा असतात, म्हणून ही युक्ती सहज चालते. ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ हे अपवाद, त्यांना सरळ रुंद करून मोकळं व्हायचं.

देवनागरीत अपवादांचीच संख्या मोठी आहे.

व बसतो, क बसत नाही

सुरुवात ‘व’पासून करणं शहाणपणाचं, कारण त्यात या लिपीचे तिन्ही घटक आहेत : शिरोरेषा, पोटाचा गोल आणि दंड. शिरोरेषेच्या माथ्यापासून पायारेषेपर्यंतची उंची ६६० ठेवली. रोमन लहान अक्षरं ६०० आणि मोठी ७४० आहेत, तर ही त्यांच्या मधली. दंड १४०, पोटाची डावी बाजू १३२, पोकळी ७८, दोन्ही बाजूंना ३४-३४. एकूण ४१८.

दंड रोमनच्या १५० पेक्षा दहाने कमी का? शिरोरेषेसाठी. ती १०४ जाड आहे, आणि ६६० उंचीत तेवढी पट्टी सलग काळी असते. आकडेमोड केली तर ‘एच’ आडव्या रेषेसकट सुमारे ७१ टक्के काळा भरतो, आणि ‘व’ पोटाच्या उंचीपर्यंत तेवढाच. दंड १५० ठेवला असता तर देवनागरी ओळ जड झाली असती. शिरोरेषा दंडाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास असावी. त्याहून जाड झाली की ती अक्षरांवर बसते, ६० टक्क्यांच्या खाली गेली की शब्द सुटे होऊन लोंबकळतात.

आता ‘क’. त्याला तीन उभे घटक : डावं पोट, मधला दंड, उजवी कमान. तोही ४१८ मध्ये बसवायचा म्हटलं आणि रेषा थोड्या सडपातळ केल्या (११२, १३२, ११२), तरी नुसत्या रेषांचीच बेरीज ३५६ होते. बाजूच्या ३०-३० धरल्या की ४१६. दोन पोकळ्यांना मिळून दोन एककं उरतात. म्हणजे ‘क’ उरतच नाही, ठोकळा उरतो. प्रत्येक पोकळीला ६२ दिले की रुंदी ५४० होते, आणि ती मान्य करावीच लागते. ‘फ’, ‘ण’, ‘ख’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ हे याच रांगेतले.

अरुंद टंक म्हणजे सगळी अक्षरं सारख्या रुंदीची, हा समज रोमन पाहून होतो आणि देवनागरीत तो सर्वांत जास्त नुकसान करतो. इथे सारखी ठेवायची ती पोकळी, रुंदी नव्हे. आधी पांढरं मोजून घ्यायचं, मग काळं भरायचं.

‘ब’चं दुखणं वेगळं. तो ‘व’च आहे, फक्त पोटात एक तिरपी रेघ. ७८ च्या पोकळीत ती रेघ टाकली की दोन्हीकडे टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. म्हणून ‘ब’ ४८ ने रुंद करून ४६६ केला आणि रेघ फक्त ४६ जाड ठेवली. बाकीच्या टंकाच्या मानाने ती हडकुळी वाटते, पण शब्दात वाचताना कुणाला खटकत नाही.

गाठींबाबत उलटा निर्णय. ‘म’च्या डाव्या पायथ्याची गाठ पोकळ ठेवली तर आत वीसेक एककांचं भोक राहतं. छापताना ते शाईने अर्धवट बुजतं आणि डागासारखं दिसतं. पूर्ण भरलेली गाठ मात्र अक्षराचा भाग वाटते. म्हणून ती सरळ भरून टाकली. उरलीच पाहिजे अशी पोकळी ६०च्या खाली नेऊ नये. उरणार नसेल तर अर्धवट ठेवू नये.

या मथळ्यातली अवघड ठिकाणं

मथळ्यात रफार आणि अर्धा र दोन्ही आहेत : ‘शर्यतीच्या’मध्ये य वर रफार, ‘दुसऱ्या’मध्ये य च्या आधी आडवा, पापणीसारखा अर्धा र. मराठी वाचकाला हा फरक लगेच कळतो आणि चुकला तर खुपतो. टंकात आडव्या र ला १८० एककं रुंदी आणि ८४ ची जाडी दिली. दंडाइतका जाड केला की त्याचा बाक जातो आणि तो तुटलेल्या शिरोरेषेचा तुकडा वाटतो. मागे ‘स’चा दंड आहे, त्याला चिकटू नये म्हणून मधली फट नेहमीपेक्षा १० ने वाढवली.

पण निम्म्या वेळा ही चूक टंकाची नसतेच, टंकलेखनाची असते. साधा र, हलन्त आणि य असं टाइप केलं की कुठलाही फाँट रफारच दाखवणार. आडव्या र साठी युनिकोडमधला ‘ऱ’ (यू+०९३१) आणि त्यापुढे हलन्त लागतो. मजकूर आला की मांडणीआधी हेच तपासावं.

‘टप्प्यात’मध्ये दोन अर्धे प आणि एक य सलग येतात. तिन्हींच्या डाव्या रेषा सारख्या जाड ठेवल्या तर कुंपण दिसतं. अर्ध्या प ची रेषा १३२ वरून ११८ केली. शिवाय प च्या पोटाचा तळ पायारेषेच्या सुमारे २०० वर थांबतो, त्यामुळे अर्धे प अधांतरी राहतात आणि जमिनीवर टेकतात ते फक्त य चा दंड आणि काना. जोडाक्षर कुठे संपतं ते डोळ्याला तिथे कळतं. म्हणून जागा मिळते म्हणून अर्ध्या अक्षरांचे तळ खाली ओढू नयेत.

‘बदलला’त दोन ल आहेत. दोन पाकळ्यांचा मराठी ल ५४० घेतो, हिंदी वळणाचा दंडाचा ल ४७० मध्ये बसतो. दोन ल मिळून १४० एककं वाचतात, पण ओळ ५४४६ ची आहे, म्हणजे बचत अडीच टक्क्यांची. तेवढ्यासाठी मराठी पोस्टरवर परका ल कशाला? दोन्ही रूपं फाँटमध्ये ठेवावीत आणि मजकुराची भाषा मराठी लावल्यावर मराठी ल, श आपोआप यावेत अशी ओपनटाइप सोय (फाँटमध्येच लिहिलेला नियम) करावी. मांडणी करणाऱ्यानेही सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली पाहिजे. नाहीतर सोय असून उपयोग नाही.

‘ती’ची वेलांटी उजवीकडच्या कान्यावरून त वर डावीकडे वळते, आणि आधीच्या य वर रफार बसलेला आहे. साधारण रुंदीत त्यांच्यात भरपूर जागा असते, इथे दोघं नाकाला नाक लावतात. वेलांटीचं आखूड रूप काढून, आधी रफार आला की तेच यावं असा नियम लिहिला. ऱ्हस्व वेलांटीला याहून जास्त रूपं लागतात, कारण तिची कमान पुढच्या अक्षराच्या दंडापर्यंत पोचावी लागते आणि इथे व ४१८चा तर क ५४०चा. चार रुंदींची चार रूपं केली तर बहुतेक अक्षरं आणि जोडाक्षरं भागतात.

या मथळ्यात नसलेल्या पण पुढच्या कुठल्याही मथळ्यात येणाऱ्या जोड्या आधीच तपासून ठेवाव्यात : घन-धन, भान-मान, बात-वात, खाना-रवाना. ध आणि भ ओळखू येतात ते शिरोरेषेतल्या मोकळ्या जागेमुळे. ती जागा ७० च्या खाली गेली की ध चा घ होतो. ख मध्ये र चं शेपूट व च्या पोटाला पक्कं जोडलं नाही तर ‘खाना’चं ‘रवाना’ होतं, हे सर्वांना माहीत असूनही अरुंद टंकात पुन्हा पुन्हा घडतं.

उभी जागा

आडवं सगळं दाबता येतं, उभं येत नाही. शिरोरेषेच्या वर रफार, वेलांट्या, मात्रा, अनुस्वार यांना २५० आणि पायारेषेखाली उकारांना २४० दिले. ६६० मिळवून एकूण ११५० झाले. रोमन मोठ्या अक्षरांना फक्त ७४० लागतात, म्हणून रोमन मथळ्याच्या ओळी अक्षराच्या आकाराच्या ८५ टक्के ओळअंतरावर लावल्या तरी मध्ये ११० एककं शिल्लक राहतात. तीच सवय देवनागरीवर लादली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात शिरतो.

ओळअंतर १०५ टक्के ठेवलं तर वरच्या पायारेषेपासून खालच्या शिरोरेषेपर्यंत ३९० एककं मिळतात. त्यातली २५० खालच्या ओळीच्या मात्रांची, उरली १४०. उकाराला हव्यात २४०. समोरासमोर आले की शंभरची टक्कर ठरलेली. या मथळ्यात सुदैवाने तसं होत नाही : डावीकडून लावल्यास ‘दु’चा उकार आणि ‘मार्ग’चा रफार यांच्यात आडवं सुमारे सव्वाशे एककांचं अंतर उरतं. म्हणून इथे १०५ टक्के, म्हणजे १३९ पॉइंटला १४६ पॉइंटचं ओळअंतर चालतं. ओळी मध्यभागी घेतल्या की उकार सरकतो आणि हिशोब पुन्हा करावा लागतो. जिथे मजकूर आपोआप भरला जातो (संकेतस्थळ, वृत्तवाहिनीची पट्टी), तिथे १२० टक्क्यांच्या खाली जाऊ नये.

फाँटच्या आतल्या उंचीच्या नोंदीही याच मापांनी भरायच्या : वर किमान ९१०, खाली २४०. कमी भरल्या तर विंडोजवरच्या काही प्रोग्रॅम्समध्ये रफार आणि अनुस्वार वरून सपाट कापले जातात. कापलेला अनुस्वार पाहून लोक टंकाला नावं ठेवतात, खरं तर एक आकडा चुकलेला असतो.

कुठे वापरावा, किती लहान

७८ ची पोकळी पडद्यावर २४ पिक्सेलच्या अक्षरात १.९ पिक्सेल होते आणि १६ पिक्सेलला सव्वा. ‘ब’मधली ४६ ची रेघ तर १६ ला पाऊण पिक्सेलही नाही. म्हणून २८ पिक्सेलच्या खाली हा टंक देऊ नये. छपाईत १८ पॉइंटला पोकळी अर्धा मिमी असते, चांगल्या कागदावर ती टिकते. शाई पसरणाऱ्या वृत्तपत्री कागदावर २४ पॉइंटपासून सुरुवात करावी. परिच्छेद, बटणं, सूचना, पत्ता यांसाठी हा टंक नाहीच.

स्वतः काढायची ऐपत किंवा वेळ नसेल तर खुल्या परवान्याचे तयार पर्याय आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा टेको चौकोनी वळणाचा आहे आणि पट्टीवरच्या बातम्यांसाठी चांगला. त्याची जाड वजनं (वजन म्हणजे रेषांच्या जाडीची पायरी) एक-दोन शब्दांपुरतीच वापरावीत, लांब मथळ्याला हलकी ते मधली वजनं घ्यावीत, असं त्याच्या माहितीतच म्हटलं आहे. ‘एक टाइप’ या टंकसंस्थेच्या ‘अनेक’मध्ये रुंदी ७५ ते १२५ आणि वजन १०० ते ८०० असं सरकवता येतं. ७५ रुंदी आणि ७०० च्या आसपासचं वजन हे या पोस्टरसाठी पहिलं पाऊल म्हणून वाईट नाही. इम्पॅक्टइतका काळेपणा मात्र मिळणार नाही.

संकेतस्थळावर आणखी एक सापळा. अँटनसारखे काही मथळा-टंक एकाच वजनात मिळतात आणि ते वजन फाइलमध्ये ४०० म्हणून नोंदलेलं असतं. शीर्षकाला ब्राउझर स्वतःहून ठळक वजन मागतो. ते मिळालं नाही की आहे त्याच अक्षराला आणखी फुगवतो. मग आधीच जेमतेम असलेल्या पोकळ्या बंद होतात. शीर्षकाचं वजन हाताने ४०० लिहावं.

अक्षरांमधलं अंतर, किनार आणि कटर

रोमन मोठ्या अक्षरांत दोन अक्षरांमध्ये थोडं अंतर वाढवण्याची पद्धत आहे. देवनागरीत ते करू नये. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना सहा-सहा एककं बाहेर काढलेली असते, म्हणजे शेजाऱ्यावर बाराचं आच्छादन होतं. अंतर २० ने वाढवलं की आठ एककांची फट पडते. ४८ पिक्सेलला ती ०.४ पिक्सेल होते आणि प्रत्येक अक्षरामागे एक करडी चीर दिसते. अंतर कमी करणंही धोक्याचं : शिरोरेषा निमूट सरकते, पण खालची ६८ ची फट ३० ने कमी झाली की ३८ उरते आणि दंड दंडाला घासतात. दोन्ही लिप्या एकाच शैलीत बांधू नयेत. रोमनची शैली वेगळी, देवनागरीची वेगळी, आणि देवनागरीत अक्षर-अंतर शून्य.

हेच आच्छादन आणखी दोन ठिकाणी त्रास देतं. अक्षरांना किनार दिली की काही सॉफ्टवेअरमध्ये ती प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्र येते आणि शिरोरेषेत जोडाजवळ उभ्या काळ्या रेघा दिसतात. अर्धपारदर्शक रंग दिला तर जोडांवर गडद पट्ट्या उमटतात. उपाय एकच : मजकूर पक्का झाला की त्याच्या बाह्यरेषा करून सगळे आकार एकत्र जोडायचे. किनार द्यायचीच असेल तर ती भरावाच्या मागे ठेवायची आणि अक्षराच्या बाहेरच्या कडेलाच वाढवायची. पोकळीत शिरली तर ७८ मधली जागा दोन्हीकडून जाते.

व्हिनाइल कापताना ही पायरी विसरली की नुकसान लगेच हातात येतं. कटर प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा पूर्ण कापतो, म्हणजे शिरोरेषा प्रत्येक जोडावर चिरली जाते आणि भिंतीवर लावताना शब्द तुकड्यांत सुटतो. आकार आधी जोडले असतील तर मात्र देवनागरीचा मोठा फायदा मिळतो. ‘टप्प्यात’ हा अख्खा शब्द एकाच तुकड्यात उचलला जातो, रोमनसारखी अक्षरं एकेक करून ओळीत बसवावी लागत नाहीत. सुटे राहतात ते अनुस्वार आणि शिरोरेषेला न चिकटलेली चिन्हं, म्हणून ट्रान्सफर टेप लावण्याआधी ती मोजून घ्यावीत. स्टेन्सिलमध्ये गणित उलटं : तिथे कापून काढायची ती शिरोरेषा, त्यामुळे सलग ओळीएवढी एक लांब फट तयार होते आणि पत्रा तिथे लोंबतो. दर दोन-तीन अक्षरांमागे शिरोरेषेत ८० ते १०० एककांचा पूल ठेवावा. तो ध, भ, थ यांच्या डोक्यावर येऊ देऊ नये, कारण तिथली मोकळी जागा अक्षराची ओळख आहे. व, ब, प यांच्या पोटातली बेटं सुटून पडू नयेत म्हणून त्यांनाही एकेक पूल लागतो, शक्यतो वर, शिरोरेषेकडे.